रिफर्बिश्ड ऑफिस डेस्कटॉप घ्यावा की नाही: निर्णयाच्या पायऱ्या, योग्य क्रमाने

रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेऊन पस्तावलेले लोक बहुधा एकाच जागी चुकलेले असतात. '१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी' एवढं वाचून त्यांनी मशीन ठरवलेलं असतं. रॅम (चालू कामापुरती मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) पुढे कधीही पंधरा मिनिटांत बदलता येतात. प्रोसेसरची जनरेशन म्हणजे पिढी, डब्याचा (कॅबिनेटचा) आकार, पॉवर सप्लाय आणि मागचे पोर्ट मात्र जन्माचे असतात, आणि त्यांच्याबद्दल खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी तुमचं काम, मग मशीनमधलं न बदलणारं, मग बदलता येणारं आणि सगळ्यात शेवटी किंमत. किंमत आधी पाहिली की मन त्या मशीनच्या बाजूने कारणं शोधायला लागतं.

इथे बोलतोय ते डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर अशा मशीनबद्दल. ऑफिसांमधून काही वर्षं वापरून बाहेर पडलेली, साफ करून पुन्हा विकायला ठेवलेली ही मशीन.

## १. काम कागदावर उतरवा

'ऑफिसचं काम' किंवा 'मुलांचा अभ्यास' असं लिहू नका, त्यातून काहीच ठरत नाही. पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहा:

- कोणते प्रोग्रॅम चालवायचे, नावानिशी? त्यातला एखादा फक्त विंडोजवर चालतो का?
- एका वेळी किती गोष्टी उघड्या असतात? ब्राउझरच्या टॅबसुद्धा मोजा.
- मॉनिटर किती, कोणत्या रिझोल्यूशनचे, आणि त्यांच्या मागे कोणती सॉकेट आहेत?
- इंटरनेट वायरने येणार की वायफायने?
- काय काय जोडायचंय? जुना बिलिंग प्रिंटर, बारकोड स्कॅनर, लायसन्सचा डोंगल (प्रोग्रॅम चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली), वेबकॅम, हेडफोन.
- मशीन किती वर्षं वापरायचंय?

शेवटचा प्रश्न लोक सोडून देतात, पण पुढच्या पायरीचा निकाल त्याच्यावरच लागतो.

कागद भरल्यावर काही जणांचा निर्णय इथेच होईल. नवे मोठे गेम, थ्रीडी काम, लांबलचक फोर-के व्हिडिओचं रोजचं संपादन यातलं काही मुख्य काम असेल, तर हा मार्ग तुमचा नाही. हिशेब, बिलिंग, स्प्रेडशीट, लेखन, व्हिडिओ कॉल, ऑनलाइन वर्ग, प्रोग्रॅमिंग शिकणं, फोटोंची साधी दुरुस्ती, घरचा छोटा सर्व्हर अशी कामं असतील तर पुढे वाचा. त्यांच्यासाठी ही मशीन उत्तम असतात. दिवसभर चालू राहण्यासाठी बनवलेली असतात, सुटे भाग मिळतात आणि डबा बहुधा स्क्रू ड्रायव्हरशिवाय किंवा एका स्क्रूत उघडतो.

तपासा: प्रत्येक प्रोग्रॅमच्या अधिकृत पानावर 'किमान' आणि 'शिफारस' अशा दोन गरजा दिलेल्या असतात. कागदावर शिफारस लिहा.

## २. प्रोसेसरची जनरेशन वाचायला शिका

जाहिरातीत 'आय५' किंवा 'आय७' मोठ्या अक्षरात असतं. ते अर्धंच नाव आहे. त्याच्या पुढचा आकडा बघा. आय५-६५०० म्हणजे सहावी जनरेशन, आय५-८५०० म्हणजे आठवी. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक धरायचे: आय५-१०५०० म्हणजे दहावी, आय५-१२५०० म्हणजे बारावी.

फरक फक्त वयाचा नाही. आय५-७५०० मध्ये चार कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग आहेत, आय५-८५०० मध्ये सहा. आठव्या जनरेशनच्या आय३-८१०० मध्येही चार कोर आहेत, म्हणजे हा साधा आय३ आधीच्या पिढीच्या आय५ च्या बरोबरीला येऊन बसतो. 'आय७ आहे ना, मग झालं' म्हणत सहाव्या जनरेशनचा आय७ घेणारे इथे फसतात.

आता विंडोजचा मुद्दा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलच्या बाजूने, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठवी जनरेशन किंवा पुढचीच मान्य करतं. जोडीला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. एएमडी रायझनच्या बाबतीत नावावरून अंदाज बांधू नका. मायक्रोसॉफ्टच्या मान्य प्रोसेसरच्या यादीत नेमका नंबर शोधा.

माझी रेघ अशी:

- विंडोज लागणारच असेल तर आठव्याच्या खाली जायचं नाही.
- चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर दहावी किंवा पुढची बघायची.
- लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत सिस्टिमवर, काम भागत असेल तर सहावी-सातवीसुद्धा चालेल. लिनक्स मिंट हा त्याचा एक प्रकार अशा मशीनवर एसएसडी आणि ८ जीबी रॅम असली की नीट चालतं.

व्हिडिओ खूप बघणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एव्ही१ प्रकारचा (ऑनलाइन व्हिडिओंसाठी वापरला जाणारा नवा फॉरमॅट) व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये अकराव्या जनरेशनपासून आली. त्याआधीच्या मशीनवर तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

आकड्याच्या शेवटी 'टी' असेल, जसं आय५-८५००टी, तर तो कमी विजेवर चालणारा प्रकार: ६५ वॉटऐवजी ३५ वॉट. मिनी डब्यांत बहुधा हाच असतो. कार्यालयीन कामात फरक जाणवत नाही, सलग जड कामात जाणवतो.

सावधान: 'विंडोज ११ चालू करून दिलंय' हा पुरावा नव्हे. अट चुकवून सहाव्या जनरेशनवरही विंडोज ११ टाकता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पडद्यावर काय दिसतंय ते सोडा, प्रोसेसरचा पूर्ण नंबर मागा.

## ३. डब्याचा आकार ठरवा

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते आणि नंतर ती सुधारता येत नाही.

ज्याला आपण बोलताना सरसकट 'सीपीयू' म्हणतो तो डबा या मशीनमध्ये साधारण तीन मापांत येतो.

टॉवर. उभा, मोठा. ग्राफिक्ससारखी पूर्ण उंचीची कार्डं बसतात, जास्तीच्या हार्ड डिस्कला जागा असते. पुढे काहीतरी वाढवायचा विचार असेल तर हाच.

स्मॉल फॉर्म फॅक्टर, म्हणजे एसएफएफ. चपटा डबा, आडवा किंवा उभा ठेवता येतो. कार्डाची जागा असते, पण अर्ध्या उंचीच्या कार्डाची.

मिनी, मायक्रो किंवा टायनी. कंपनीनुसार नाव बदलतं, वस्तू एकच. साधारण १८ सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि साडेतीन सेंटीमीटर जाड. मॉनिटरच्या मागे बसतो. लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडॅप्टर लागतो. ग्राफिक्स कार्ड विसरा.

मी एक एसएफएफ डबा नंतर ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरवून घेतला होता. कार्ड आलं, डबा उघडला, कार्ड सॉकेटवर धरलं, तर त्याची मागची पट्टी डब्याच्या कडेच्या दोन बोटं वर उभी राहिली. पूर्ण उंचीच्या कार्डाची पट्टी साधारण १२ सेंटीमीटर असते, अर्ध्या उंचीच्या कार्डाची ८. झाकण लागणंच शक्य नव्हतं. पट्टी मापून पाहायला अर्धा मिनिट लागला असता.

बरं, कार्ड बसलं तरी वीज कुठून आणणार? पीसीआय एक्सप्रेस सॉकेटमधून, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेतून, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि एसएफएफ डब्यातल्या पॉवर सप्लायला कार्डासाठी वेगळी वायर बहुधा नसतेच. मग दुसरा पॉवर सप्लाय बसवू म्हणाल, तर या कंपन्यांच्या पॉवर सप्लायचा आकार आणि मदरबोर्डकडे (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीकडे) जाणारा कनेक्टर बरेचदा त्यांचा स्वतःचा असतो. बाजारात मिळणारा साधा पॉवर सप्लाय तिथे लागत नाही. अनेक टॉवर मॉडेलमध्येही हीच अडचण आहे, तेव्हा टॉवर घेतला म्हणून निर्धास्त राहू नका.

मिनीची अडचण वेगळी. त्याचा ॲडॅप्टर त्याच कंपनीचा, योग्य वॉटचा आणि योग्य पिनचा लागतो, साधारण ६५ किंवा ९० वॉटचा. पिन बसली म्हणजे काम झालं असं नाही. काही मशीन ॲडॅप्टरची ओळख तपासतात. ओळख पटली नाही तर सुरू होतानाच सूचना येते आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवला जातो. 'मंद' म्हणून परत करायला काढलेल्या मशीनचा दोष अनेकदा एवढाच असतो.

तपासा: कागदावरच्या यादीत 'पुढे ग्राफिक्स कार्ड' किंवा 'दोन मोठ्या हार्ड डिस्क' असेल तर मिनी आत्ताच यादीतून काढा.

## ४. मागची बाजू आणि वायफाय

मॉडेलच्या नेमक्या नावाने मागच्या बाजूचा फोटो शोधा किंवा विक्रेत्याकडून मागवा. ऑफिसच्या डेस्कटॉपवर डिस्प्लेपोर्ट हमखास असतो, जुन्यांवर व्हीजीएही असतं, एचडीएमआय असेलच असं नाही.

डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय मॉनिटरला जाणारी केबल मिळते आणि ती नीट चालते. मात्र ती एकाच दिशेने चालते. उलट्या दिशेची केबल दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यावर चित्र येत नाही. खरेदी करताना 'डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय' हे शब्द याच क्रमाने वाचा. फोर-के मॉनिटर असेल तर थेट डिस्प्लेपोर्टनेच जोडा. सहाव्या ते दहाव्या जनरेशनच्या बऱ्याच मशीनवरचा एचडीएमआय फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच दाखवतो आणि माउसची हालचाल तुटक वाटते.

वायफाय आणि ब्लूटूथ या मशीनमध्ये गृहीत धरायचं नाही. ऑफिसात वायरने काम चालतं, म्हणून कित्येक मशीन त्यांच्याशिवायच बनलेली असतात. यूएसबीचं छोटं वायफाय साधन लावून भागतं, पण तो एक पोर्ट कायमचा जातो हे मोजा. वेबकॅम आणि माइक नसतोच. आतला स्पीकर असला तर सूचनेच्या आवाजापुरता.

## ५. रॅम आणि डिस्क

हा भाग झटपट, कारण इथली चूक सुधारता येते.

८ जीबी किमान, १६ जीबी निवांत. मिनीमध्ये लॅपटॉपची छोटी रॅम लागते, टॉवर आणि एसएफएफमध्ये लांब पट्टी. डीडीआर३ आणि डीडीआर४ हे रॅमचे दोन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत. विक्रेत्याला 'किती जीबी' विचारताना 'किती पट्ट्यांत' हेही विचारा. दोनच जागा आहेत आणि दोन्हींत ८-८ भरलेल्या असतील, तर ३२ करताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील.

एसएसडी हवीच. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज चालवून मशीनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आतल्या एसएसडीवर ओळखीच्या कंपनीचं नाव नसेल, तर महत्त्वाच्या फाइली तिच्यावर एकट्या ठेवू नका.

## ६. पैसे देण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा

'ग्रेड ए' म्हणजे बाहेरून चांगलं दिसतं, इतकंच. ग्रेड ठरवण्याचं सगळीकडे लागू असं कुठलंही प्रमाण नाही आणि आतल्या तब्येतीबद्दल ते काही सांगत नाही. 'रिफर्बिश्ड' या शब्दाचंही तसंच. कुणी सगळं तपासून देतं, कुणी फडक्याने पुसून देतं. म्हणून शब्दांवर विसंबू नका, उत्तरं घ्या:

1. मॉडेलचं पूर्ण नाव आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय?
2. सिरियल नंबरच्या लेबलचा फोटो मिळेल का? त्यावरून कंपनीच्या सपोर्ट पानावर मशीनची माहिती निघते.
3. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जना) पासवर्ड आहे का?
4. मशीन जुन्या संस्थेच्या नोंदीतून काढलंय का?
5. पॉवर केबल किंवा मूळ ॲडॅप्टर सोबत आहे का?
6. विंडोज कोणती आवृत्ती, ॲक्टिव्हेट झालेली आहे का?
7. वॉरंटी किती दिवस, आणि परत पाठवायचा खर्च कोणाचा?

तिसरा आणि चौथा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका. बायोसचा पासवर्ड काही मॉडेलमध्ये जंपर (मदरबोर्डवरची दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढून घालवता येतो, काहींत मदरबोर्ड बदलल्याशिवाय जात नाही. आणि जुन्या संस्थेने मशीन विंडोज ऑटोपायलटमध्ये (संस्थांची मशीन इंटरनेटवरून लावून देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीत) नोंदवून ठेवलं असेल, तर विंडोज नव्याने टाकल्यावरही ते त्याच संस्थेचा लॉगिन मागत बसतं. डिस्क पुसून ही नोंद जात नाही, कारण ती मशीनवर नसतेच, मायक्रोसॉफ्टकडे असते.

सावधान: 'मॉडेल जे उपलब्ध असेल ते पाठवू' असं लिहिलेलं मशीन घेऊ नका. तुम्ही आतापर्यंत केलेली सगळी तपासणी एका वाक्यात वाया जाते.

## ७. आता किंमत

मशीनच्या किमतीत लागणारी प्रत्येक वस्तू मिळवा: जास्तीची रॅम, नवी एसएसडी, वायफाय, केबल, ॲडॅप्टर, वेबकॅम, कीबोर्ड, वाहतूक. ही बेरीज त्याच कामाला पुरेल अशा नव्या साध्या मिनी डेस्कटॉपच्या किमतीशेजारी लिहा. तो नवा डेस्कटॉप पूर्ण वॉरंटीसह येतो, हे विसरू नका.

बेरीज नव्याच्या दोन तृतीयांशाच्या पुढे गेली तर मी रिफर्बिश्ड सोडतो. नाकापेक्षा मोती जड करून जुनं मशीन घेण्यात राम नाही. बेरीज निम्म्याच्या आसपास असेल, जनरेशन दहावी आणि विक्रेता परत घ्यायला तयार असेल, तर फार विचार न करता घ्यावं.

## ८. मशीन आल्यावर, पहिल्या दोन दिवसांत

सावधान: तपासणी पूर्ण होईपर्यंत नवी रॅम किंवा एसएसडी बसवू नका. बिघाड निघाला तर दोष कोणाच्या भागाचा यावरून वाद होतो आणि परतावा अडकतो.

क्रम असा ठेवा.

चालू करण्याआधी. डबा हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का. परवानगी असेल आणि वॉरंटीचं सील तुटत नसेल तर झाकण उघडा. मदरबोर्डवरचे छोटे गोल डबे, म्हणजे कपॅसिटर, वरून सपाट हवेत. एखादा फुगलेला किंवा कडेला तपकिरी ओघळ दिसला तर फोटो काढा आणि तिथेच थांबा. पंख्याच्या पात्यांवर धुळीची गादी असेल, तर 'साफ करून तपासलंय' या दाव्याची किंमत कळली.

बायोस. आत जाता येतं का बघा. प्रोसेसर, रॅम आणि सिरियल नंबर जाहिरातीशी आणि बाहेरच्या लेबलशी जुळवा. टीपीएम २.० दिसतं का आणि चालू आहे का बघा. बंद असेल तर इथेच चालू होतं. 'ॲब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' नावाची चोरीविरोधी सोय सक्रिय दिसली तर विक्रेत्याला विचारा. तारीख-वेळ लावा, मशीन बंद करून प्लग तासभर काढून ठेवा, पुन्हा बघा. वेळ मागे गेली असेल तर सीआर२०३२ चा गोल सेल संपलाय. हा मोठा दोष नव्हे, सेल बदलला की झालं.

डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये डिस्क किती तास चालली आणि तिची स्थिती काय ते दिसतं. हार्ड डिस्कवर 'रिअलोकेटेड सेक्टर', म्हणजे खराब झाल्याने बाजूला काढलेले भाग, शून्याच्या वर असतील तर ती बदलूनच घ्या. आकड्यांचा फोटो काढून ठेवा.

विंडोज नव्याने टाका. विक्रेत्याने टाकून दिलेलं विंडोज ठेवू नका, त्यात काय काय भरलंय हे तुम्हाला कळणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्ह तयार करा, मशीनला मिळालेली आवृत्ती, बहुधा प्रो, तीच टाका आणि सेटअप चालू असताना इंटरनेट जोडलेलं ठेवा. ऑटोपायलटची नोंद असेल तर ती याच वेळी डोकं वर काढते: अनोळखी संस्थेचं नाव आणि तिच्या ईमेलची मागणी. असं झालं तर पडद्याचा फोटो काढा आणि मशीन परत करा. इंटरनेट न जोडता सेटअप पुढे ढकलण्याचे उपाय सुचवले जातात, पण पुढच्या वेळी विंडोज टाकताना तेच भूत पुन्हा समोर येईल. सेटअपनंतर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघा.

भार. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि अर्धा तास प्रोसेसरवर पूर्ण भार ठेवा. भाराखाली ८५ अंश सेल्सिअसच्या आत राहिलं तर मी समाधानी असतो. काही मिनिटांतच १०० च्या घरात गेलं आणि वेग पडला, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) वाळलीय किंवा पंखा नीट फिरत नाही. पेस्ट बदलता येते, पण नुकतंच घेतलेलं मशीन असेल तर ते काम विक्रेत्याचं.

रात्री रॅम. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवून झोपा. सकाळी एकही त्रुटी दिसता कामा नये. एक दिसली तरी ती एक नसते. अशी रॅम महिन्यातून दोनदा मशीन बंद पाडते आणि कारण सापडत नाही.

प्रत्येक भोक. एकच पेन ड्राइव्ह घेऊन सगळ्या यूएसबी पोर्टमध्ये लावा. हेडफोन, नेटवर्कची वायर, प्रत्येक डिस्प्लेपोर्ट. पुढचे यूएसबी पोर्ट ऑफिसात सगळ्यात जास्त वापरलेले असतात, तिथे पेन ड्राइव्ह जरासा हलवूनही बघा, जोड तुटतो का.

मग पहिल्या पायरीचा कागद काढा आणि त्यावरचं काम, सगळे प्रोग्रॅम आणि सगळी उपकरणं जोडून, एक पूर्ण दिवस याच मशीनवर करा. संध्याकाळी ते स्लीपमध्ये ठेवा आणि सकाळी उठतंय का बघा. परताव्याची मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. जुन्या मशीनवरच्या फाइली त्या तारखेनंतरच पुसा.